पिवळा ठिपका

रविवार, रात्र

वहिनी थांबली नाही. एवढंच झालं आज. रात्रीचे साडेदहा वाजले, भांडी झाली, उद्याचा डबा भरून झाला, तरी माझं मन अजून लिटलपोर्टच्या पुढच्या त्या रस्त्यावर उभंच आहे.

रस्ता नेहमीचाच. पूर्व इंग्लंडातल्या ईलीहून नदीकाठाने लिटलपोर्ट, तिथून ग्रेट ऊझ नदीच्या पश्चिम बाजूने टेन माइल बँक, मग डेन्व्हर. ११ नंबरचा सायकलमार्ग. मोठ्या रस्त्याची वर्दळ पलीकडच्या काठाला, आपल्या बाजूला तासाभरात चार-दोन गाड्या आणि एखादा ट्रॅक्टर. उजव्या हाताला बांध, डाव्या हाताला काळीभोर शेतं आणि वर नुसतं आभाळ. नदी बांधाच्या आत, शेतांपेक्षा उंचावर वाहते. रस्त्यावरून पाणी दिसतच नाही, कधीतरी एखाद्या बोटीचं छप्पर तेवढं बांधावरून सरकताना दिसतं. सतराव्या शतकात इथली दलदल उपसली, पीटची, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची, माती सुकली आणि जमीन खाली बसत गेली. अजून बसतेय. म्हणून नकाशावर सपाट असलेला हा रस्ता चाकाखाली लाटेसारखा वर-खाली होतो.

लोक म्हणतात सपाट म्हणजे सोपं. ज्यांनी एप्रिलमधला ईशान्येचा वारा तोंडावर घेतलाय, ते असं म्हणणार नाहीत. घाटाला निदान माथा असतो, वारा संपतच नाही. म्हणून आमची पाळी ठरलेली आहे. दहा मिनिटं एकीने पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, दुसरीने तिच्या मागच्या चाकाला चिकटून दम खायचा. चार वर्षं झाली, यात कधी बोलावं लागलेलं नाही. पुढची जरा बाजूला झाली की मागची आपोआप पुढे येते.

आज पाळी तिची होती. शेतातली सुकी माती उडायला लागली. इथे त्याला फेन ब्लो म्हणतात, फेन म्हणजे ही दलदलीची जमीन. पेरणी झालेली असते, पीक वर आलेलं नसतं, आणि वारा वरचा थरच उचलून नेतो. डोळ्यांत, दातांत सगळी कचकच. मी ओरडले, "थांब गं, डोळ्यात गेलं." सायकल बांधाला टेकवली, डोळे धुतले, रुमाल बांधला. दोन-तीन मिनिटं, फार तर चार. मान वर केली तर वहिनी पुढे गेलेली.

आणि दिसत होती. हेच मला सहन झालं नाही.

पसरणीच्या घाटात दादा असाच पुढे जायचा. तो वळणाआड गेला की संपलं. मग मी मनाशी ठरवून टाकायची, तो पुढच्या वळणावर कठड्याला टेकून उभा असणार. बहुतेकदा नसायचा, पण तेवढ्या आशेवर एक वळण चढून व्हायचं. इथे आडोसाच नाही. रस्ता थोडाफार वळतो, पण झाड नाही, घर नाही, टेकाड नाही. पिवळा विंडचीटर आधी माणसाएवढा, मग मुलाएवढा, मग नुसता ठिपका. मी पॅडल मारतेय, वारा मला मागे ढकलतोय, आणि तो ठिपका नाहीसाही होत नाही आणि मोठाही होत नाही. सोडून जाणारं माणूस इतका वेळ डोळ्यांसमोर राहू नये.

काय काय आलं मनात. तिला ऐकू गेलं असणार. मी हळू झालेय हल्ली, तिला कंटाळा आला असेल. मार्चपासून तिचं बोलणंच कमी झालंय. दादाचा फोन... तो विषय मी काढलेला नाही, तिनेही नाही. पण तो विषय दोघींच्या मध्ये सायकल चालवतोच. नणंद म्हणजे शेवटी त्याच घरची, असं वाटत असेल का तिला? मी कोणाच्या बाजूने आहे, हे तिने मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. विचारायला थांबावं लागतं.

मागे वळून पाहिलं तर ईलीचं कॅथीड्रल होतं तिथेच, क्षितिजावर. दलदलीतलं जहाज म्हणतात त्याला. कितीही लांब जा, ते आपल्याकडे बघत असल्यासारखं. रडू आलं. वाऱ्यामुळे असेल.

डेन्व्हरला पोचले तेव्हा वहिनी स्लूसजवळच्या, म्हणजे नदीवरच्या दारांजवळच्या, बाकावर थर्मास उघडून बसली होती. १६५१ मध्ये व्हर्मायडन या डच अभियंत्याने इथे पहिली दारं बसवली, समुद्राची भरती नदीत आत शिरू नये म्हणून. दारांच्या एका बाजूला शांत पाणी, दुसऱ्या बाजूला ओहोटीचा तपकिरी चिखल. मी मुद्दाम चिखलाकडे तोंड करून बसले. तिने चहा पुढे केला.

"थांबली का नाहीस?"

"दिसत होतीस की मला. दर थोड्या वेळाने मागे बघत होते. येत होतीस."

पुढे ती काहीच बोलली नाही. बिस्किटाचा पुडा माझ्याकडे सरकवला. डाउनहॅम मार्केट स्टेशनाहून परतीच्या गाडीत ती डोळे मिटून बसली. दमलेली दिसत होती. मी एवढी जवळ बसून तिच्याकडे किती दिवसांनी पाहिलं, देव जाणे.

तेव्हापासून तेच चाललंय. दिसत होते, म्हणजे थांबलेलीही दिसले असणार. मग? की येताना दिसले म्हणूनच तिला थांबावंसं वाटलं नाही? मला जे सोडून जाणं वाटलं, तिच्या लेखी ते लक्ष ठेवणं असेल? एकाच रस्त्याची दोन टोकं.

हे सगळं डेन्व्हरला घडावं याचंही नवल वाटतं. तिथून जवळच ओल्ड बेडफर्ड नदी आहे, वेल्नीपर्यंत सहा मैल सरळसोट. हिवाळ्यात आइसलँडहून येणारे हंस पाहायला आम्ही तिकडेच जातो. १८३८ मध्ये रोबोथम नावाचा माणूस त्या पाण्यात उतरला, दुर्बीण पाण्यापासून आठ इंचांवर धरली आणि लांब जाणारी एक बोट बघत राहिला. सहा मैल गेली तरी बोटीचा झेंडा दिसतोय, तेव्हा पृथ्वी सपाटच, असा त्याने निष्कर्ष काढला. पाण्यालगतच्या हवेत प्रकाश वाकतो, हे त्याने धरलंच नव्हतं. १८७० मध्ये वॉलेस या निसर्गशास्त्रज्ञाने तेच पाणी पुन्हा पाहिलं, पण नजर वर घेतली आणि मध्यावर त्याच उंचीची एक खूण उभी केली. मधली खूण वर उचललेली दिसली, आणि गोलाई कळली.

मी आज दिवसभर पाण्यालगत डोळा लावून बसले होते. आमच्या मधली खूण कुठली, ते मला अजून सापडलेलं नाही.

होम फेनमधल्या लोखंडी खांबाचा जुना फोटो बाहेर काढून पाहिला. १८५१ च्या सुमारास तो खांब जमिनीच्या पातळीपर्यंत गाडला होता, आज सुमारे चार मीटर वर आलाय. खांब हललेला नाही, भोवतालची जमीन बसली. फोटोत वहिनी टाचा उंचावून हात पोचवायला बघतेय आणि हसतेय. दोन वर्षांपूर्वीचा फोटो. असं हसताना मी तिला शेवटचं कधी पाहिलं? माझी जमीन बसली असं मी म्हणत होते दिवसभर. तिची तर त्याआधीच बसली होती, आणि मी कधी मोजायला गेले नाही.

बरं. थांबली नाही. चहा मात्र ओतून ठेवला होता, आणि तो गरम होता.

आत्ता तिचा मेसेज आलाय. पुढच्या रविवारी वारा नैऋत्येचा दाखवतायत, जाताना पाठीवर, येताना तोंडावर. गाडीने न येता सायकलनेच परत यायचं का?

मी 'हो' लिहिलं. मग खोडून 'हो, येताना पहिली पाळी माझी' असं लिहिलं आणि पाठवलं.