सायकल, सिग्नल आणि क्लेमची भानगड

पेनसिल्वेनियातलं कॉलेज टाऊन म्हणजे शनिवारी फुटबॉलची मॅच असली की गावात पाय ठेवायला जागा नसते, आणि नेमकं त्याच दिवशी मी सायकलवरून सरळ चाललेलो आणि एका कारवाल्याने न बघता उजवीकडे वळवली. मनगट मोडलं, सायकलचं पुढचं चाक तर पार पापडासारखं वाकलं.

दोन दिवसांनी त्याच्या इन्शुरन्सवाल्या बाईंचा फोन, आवाज इतका गोड की वाटलं मावशीच बोलतेय, "स्टेटमेंट रेकॉर्ड करू का?" मी हो म्हणणारच होतो, रूममेटने फोन हिसकावला. बरं झालं, कारण आपल्या बोलण्यावरून इथे कोणाची चूक किती टक्के ते काढतात, तुमची चूक २० टक्के धरली तर भरपाई २० टक्क्यांनी कमी आणि ५० च्या वर गेली तर भोपळा!

मला हे माहीतच नव्हतं की माझ्याकडे स्वतःची कार नाही, कारचा इन्शुरन्स नाही, तरी दवाखान्याचं बिल आधी धडकणाऱ्या कारच्याच पॉलिसीतून मागता येतं, त्यात किमान ५,००० डॉलर असतातच. बाकीच्यासाठी वकील, तो आधी पैसे घेत नाही, जिंकला तर साधारण एक तृतीयांश त्याचा (ऐकून पोटात गोळा आला, पण एकट्याने भांडायचं म्हणजे सेमिस्टर गेलंच). कोर्टात जायला दोन वर्षं असतात, पण चौकातल्या दुकानाचा कॅमेरा काही तेवढं थांबत नाही, मी आठवड्याने गेलो तर फुटेज पुसलेलं. सध्या प्लास्टर निघालंय, फाइल वकिलाकडे आहे, आणि मी डाव्या हाताने टाइप करायला शिकलोय.