तुम्ही विचारलंत म्हणून: रंगाखालच्या विटा

घरासमोरून जाणारे ओळखीचे आणि अनोळखी असे दोघेही थांबून एकच विचारतात: "भिंतीवरचा रंग कशाने काढलात, आणि आमच्याही घराचा निघेल का?" सोलापूरच्या मुरारजी पेठेतले आमचे घर आजोबांच्या काळातले आहे. खाली काळ्या दगडाचे जोते आणि त्यावर चुन्यात रचलेल्या पक्क्या विटांच्या भिंती अशी त्याची बांधणी आहे. पुढे प्रत्येक लग्नकार्याला आणि अधूनमधून दिवाळीला त्या विटांवर रंग चढत गेला. आधी चुना, मग डिस्टेंपर, त्यावर ऑइल पेंट आणि शेवटी प्लास्टिक इमल्शन. एखाद्या रसायनाचे नाव सांगून हे उत्तर संपणार नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहीत आहे.

सर्वांत आधी पाहायचे ते हे की, भिंत बांधणाऱ्याने विटा उघड्या ठेवण्यासाठी रचल्या होत्या की गिलाव्याखाली झाकण्यासाठी. उघड्या राहणाऱ्या विटा निवडून घेतलेल्या असतात. त्यांच्या कडा सरळ, भाजणी सारखी आणि दरजा, म्हणजे विटांमधले मसाल्याने भरलेले सांधे, एका मापाच्या असतात. झाकायच्या भिंतीत गवंडी वेड्यावाकड्या, अर्ध्याकच्च्या विटाही चालवून घेतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. अशा भिंतीवरचा थर काढला तर तिचे मूळ रूप परत येत नाही, उलट तिचे संरक्षण जाते. आमच्याकडे विजेच्या मीटरच्या फळीमागे रंगाऱ्याचा ब्रश कधी पोहोचलाच नव्हता. फळी काढल्यावर तिथे तांबड्या विटा आणि बारीक, दाबून भरलेल्या पांढऱ्या दरजा जशाच्या तशा दिसल्या, तेव्हाच काम हाती घ्यायचे ठरले.

केवळ शोभेसाठी एवढा खटाटोप केला नाही, हेही सांगितले पाहिजे. चुन्यात बांधलेली वीट पाणी पिते आणि ऊन पडले की ते सोडून देते. पावसाचे आणि जमिनीतून चढणारे पाणी तिला बाहेर टाकता आले पाहिजे. चुन्याची सफेदी ही वाफ जाऊ देते, परंतु ऑइल पेंट आणि प्लास्टिक इमल्शन यांचा पापुद्रा ती मोठ्या प्रमाणात अडवतो. मग पाण्याबरोबर आलेले क्षार पापुद्र्यामागे साचून त्यांचे स्फटिक होतात, भिंतीला लोणा लागतो आणि विटेचा पृष्ठभाग भुकटी होऊन रंगासकट गळू लागतो. आमच्या जोत्यावरच्या विटांत नेमके हेच चालले होते आणि दर वेळी त्यावर उपाय म्हणून आणखी एक हात रंग दिला जात होता.

आता काढण्याविषयी. वाळूचा मारा करून भिंत झटपट स्वच्छ करून देतो, असे सांगणारे बरेच भेटतात. त्यांना नम्रपणे परत पाठवावे. भट्टीत वीट भाजताना तिच्या बाहेरच्या अंगाला आतल्यापेक्षा कठीण कवच येते. वाळूचा मारा किंवा ग्राइंडरची चकती रंगाबरोबर ते कवचही नेते आणि उरलेली मऊ वीट पुढच्या पावसाळ्यांत झिजत जाते. हे नुकसान कोणत्याही उपायाने भरून येत नाही. ॲसिडने धुण्याची पद्धतही आपल्याकडे सर्रास आहे, पण ॲसिड चुना विरघळवते, म्हणजे दरजाच खाते. जुना रंग कोरडा खरवडण्यात वेगळा धोका आहे. घरगुती रंगांतील शिसे ९० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादित करणारा नियम आपल्या देशात २०१६ साली झाला आणि २०१७ च्या अखेरीस लागू झाला. त्याआधीच्या थरांत शिसे असू शकते आणि त्याची धूळ लहान मुलांना फार घातक असते. म्हणून रंग ओला ठेवूनच काढावा, तोंडाला चांगला मास्क लावावा आणि निघालेले पापुद्रे ताडपत्रीवर गोळा करावेत.

आम्ही रंग मऊ करणारी जेल वापरली. आधी मागच्या बाजूला हातभर जागेवर ती लावून पाहिली आणि विटेला काही होत नाही, याची खात्री झाल्यावर पुढे आलो. सोलापूरच्या उन्हात जेल पाहता पाहता वाळते, त्यामुळे काम पहाटे करावे लागते आणि लावलेल्या भागावर प्लास्टिकचा कागद चिकटवावा लागतो. मऊ झालेला रंग लाकडी पट्टीने आणि नायलॉनच्या ब्रशने काढायचा. तारेचा ब्रश लावायचा नाही. खालचा चुन्याचा थर पाणी आणि ब्रश यांनी बराचसा सुटला. धुण्यासाठी बोअरचे पाणी आम्ही टाळले, कारण ते जड असते आणि त्यातले क्षार विटेतच राहतात. नळाला पाणी दिवसाआड किंवा त्याहूनही उशिरा येते, म्हणून उजनी धरणाचे नळाला येणारे पाणी टाकीत साठवून त्याच्या बेताने भिंतीचे एकेक पट्टे घेतले.

खरे जिकिरीचे काम रंग निघाल्यावर सुरू झाले. मधल्या काळात कोणीतरी बऱ्याच दरजा सिमेंटने भरल्या होत्या. पोर्टलंड सिमेंटचे, म्हणजे आजच्या नेहमीच्या सिमेंटचे, पेटंट १८२४ चे आहे आणि आधुनिक बांधकामात त्याचे मोल मोठे आहे. परंतु चुन्यातल्या जुन्या विटेशी त्याचे जमत नाही. दरज विटेपेक्षा कठीण आणि पाणी झिरपू न देणारी झाली की पाणी विटेतूनच वाट काढते आणि झिजते ती वीट. दरज विटेपेक्षा मऊ असावी, म्हणजे झीज तिने सोसावी आणि काही पिढ्यांनी ती पुन्हा भरता यावी. म्हणून छिन्नी-हातोडीने सिमेंट सुमारे इंचभर खोल काढले आणि पाण्यात विरवलेला चुना, वाळू व सुरखी (विटांची भुकटी) यांच्या मिश्रणाने दरजा नव्याने भरल्या. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश घट्ट होतो आणि त्यासाठी त्याला ओल हवी असते. एप्रिल-मे महिन्यांत, पारा चाळिशीपलीकडे असताना, तो घट्ट होण्याआधीच सुकून ठिसूळ होतो. त्यामुळे हे काम दसऱ्यानंतर घेऊन गड्ड्याच्या यात्रेच्या, म्हणजे संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, आत संपवले आणि भिंतीवर ओली गोणपाटे टांगून ठेवली. चुन्याचे काम मनापासून करणारे म्हातारे गवंडी आता फार थोडे उरले आहेत. त्यांच्या हाताखाली तरुण मुले शिकावीत, असे मला फार वाटते.

सगळा रंग निघाला नाही. पश्चिमेच्या भिंतीचा काही भाग इतका गळलेला होता की तिथे आणखी काढणे म्हणजे वीट घालवणे ठरले असते. तिथे सुटेल तेवढाच रंग काढला आणि काव मिसळलेल्या चुन्याचे पातळ हात दिले. पाणी लागू नये म्हणून वरून सिलिकॉन मारण्याचा सल्ला अनेकांनी दिला. तो मी मानला नाही, कारण आत ओल आणि क्षार असलेल्या भिंतीवर तसा थर दिला तर लोणा लागण्याचा त्रास पुन्हा उद्भवू शकतो. त्याऐवजी गच्चीचे पन्हळ दुरुस्त केले आणि जोत्यालगतची माती उतरवून पाण्याला उतार दिला.

तुमच्या घराचा रंग निघेल का, हे पाहायचे असेल तर पन्हळामागची, मीटरमागची किंवा छज्ज्याखालची जागा आधी शोधा. तिथली वीट नखाने खरवडून भुकटी होते का ते पाहा आणि दरज चुन्याची आहे की सिमेंटची, ते गवंड्याकडून तपासून घ्या. पावसात फुगणाऱ्या आणि उन्हात आकसणाऱ्या काळ्या जमिनीमुळे पायाजवळ तडे गेले असतील, तर आधी त्यांचा बंदोबस्त करा. रंगाला त्यानंतरच हात लावा.