सोसायचं की पिशवी काढायची, एवढंच नाही

पाळी जायच्या वयात अंगातून एकदम आग चढते, आमच्याकडे त्याला वाफा म्हणतात. विदर्भात हा त्रास उन्हाळ्यात ओळखूच येत नाही. मे महिन्यात पारा 45 च्या वर असतो, कूलरसमोर बसूनही ब्लाउज ओला होतो, तेव्हा हा घाम कशाचा हे कोण विचारतं? माझ्या लक्षात आलं ते कापूस वेचणीच्या दिवसांत. सकाळचं धुकं होतं, सगळ्या बायांनी लुगड्यावर नवऱ्याचे जाड शर्ट चढवले होते, आणि माझ्या छातीतून मानेकडे, तिथून कानशिलांपर्यंत एकदम आग चढली. शर्टाची बटणं उघडून मी पऱ्हाटीत नुसती उभी राहिले. थोड्या वेळानं सगळं शांत झालं, आणि मग ओल्या पाठीला अशी हीव भरली की दात वाजायला लागले.

मी 46 वर्षांची आहे. आर्वी तालुक्यात घरची शेती आहे आणि गावातल्या बचत गटाचा हिशेब माझ्याकडे असतो. त्या हिशेबातच दुसरी गोष्ट दिसली. रात्री दोन-अडीचला जाग यायची ती यायचीच, आणि दुसऱ्या दिवशी रजिस्टरमधली साधी बेरीज पुन्हा पुन्हा करावी लागायची. पाळी कधी वीस दिवसांत, कधी दोन महिन्यांनी, आणि आली की अशी यायची की एसटीत बसायची भीती वाटायची.

सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मले बी असंच व्हाये वो. कोनाले सांगाव? वावरात जाव अन् काम कराव." गटातल्या एका वहिनीनं दुसरा उपाय सुचवला, "गर्भाची पिशवी काढून टाक, कटकटच नाही."

आमच्याकडे बाईपुढे हे दोनच रस्ते ठेवले जातात, आणि मला त्याचाच राग येतो. माझ्याच गल्लीतल्या एका बाईची पिशवी चाळिशीच्या आधीच काढली. कारण काय, तर अंगावरून जास्त जातं. सोबत अंडाशयंही काढली, आणि त्याचा अर्थ काय हे तिला कोणी सांगितलं नाही. अंडाशयं काढली की पाळी जाण्याचा काळ हळूहळू येत नाही, ऑपरेशनच्या दिवशीच येतो. वाफा, झोप उडणं, हाडं ठिसूळ होणं, सगळं एकदम मागे लागतं. अंडाशयं ठेवून नुसती पिशवी काढली तरी ती लवकर थकू शकतात. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्याचा प्रश्न विधिमंडळात गाजला, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. ते फक्त बीडचं दुखणं आहे असं मला वाटत नाही.

मी सेवाग्रामला गेले. कस्तुरबा रुग्णालयातल्या डॉक्टर मॅडमनी आधी रक्त, थायरॉईड, बीपी आणि सोनोग्राफी करायला लावली. हिमोग्लोबिन 8.4 निघालं. म्हणजे धाप लागणं आणि छातीत धडधड होणं यातलं किती वयाचं आणि किती रक्ताच्या कमीचं, हेच आधी कळायला हवं होतं. लोहाच्या गोळ्या आणि जास्त जाईल त्या दिवसांपुरत्या रक्तस्राव कमी करायच्या गोळ्या सुरू झाल्या. पंचेचाळिशीनंतर अंगावरून असं जास्त जात असेल तर पिशवीच्या आतल्या अस्तराचा तुकडा तपासावा लागतो, तोही दिला. हार्मोनची रक्ततपासणी मीच मागितली होती. त्या म्हणाल्या, या वयात ते आकडे आज वर, उद्या खाली असतात, एका तपासणीनं काही ठरत नाही. वय आणि लक्षणं पुरेशी आहेत. भारतात पाळी जाण्याचं सरासरी वय 46-47 च्या आसपास आहे, आणि त्याआधीची काही वर्षं अशी हेलकाव्याची असतात. वर्षभर पाळी आलीच नाही, तर ती गेली म्हणायची. त्यानंतर एक थेंब जरी दिसला तरी तपासून घ्यायचं.

मग त्यांनी हार्मोनच्या उपचाराचा, म्हणजे या वयात अंगात कमी होणारे हार्मोन औषधातून देण्याचा विषय काढला. घरी सांगितलं तसे हे दचकले, "त्यानं कॅन्सर होते म्हणतात ना?"

ही भीती कुठून आली ते मी नीट विचारून घेतलं. 2002 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचा इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं औषध) हे दोन हार्मोन एकत्र देण्याचा भाग मध्येच थांबवला गेला, कारण त्या बायांमध्ये स्तनाचा कॅन्सर जास्त दिसला. बातमी जगभर गेली आणि डॉक्टरांनीही गोळ्या लिहिणं सोडलं. पण त्या बायांचं सरासरी वय 63 होतं, आणि वाढ होती ती वर्षाला 10,000 बायांमागे साधारण 8 जणींची. धोका खोटा नाही, मी तो झाकत नाही. पण साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केलं, आणि त्रास खरोखर असेल, तर बहुतेक बायांना फायदा जास्त असतो, असं आता तज्ज्ञ मानतात. वाफांवर याच्याइतकं चांगलं दुसरं औषध नाही, आणि हाडांनाही आधार मिळतो. ज्यांना स्तनाचा कॅन्सर झालाय, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झालीये, लिव्हरचा आजार आहे, किंवा अंगावरून जाण्याचं कारणच सापडलेलं नाही, त्यांनी मात्र घ्यायचं नाही. माझा तुकड्याचा रिपोर्ट येईपर्यंत म्हणूनच थांबायचं आहे.

पिशवी असलेल्या बाईला नुसतं इस्ट्रोजेन देत नाहीत. त्यानं आतलं अस्तर वाढतं आणि तिथं कॅन्सरची भीती असते, म्हणून सोबत प्रोजेस्टेरॉन लागतंच. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण मेडिकलमधून अर्धंच औषध नेणाऱ्या बाया असतात. मॅडमनी मला इस्ट्रोजेनची जेल सुचवली. गोळीनं रक्ताची गाठ होण्याचा धोका थोडा वाढतो, कातडीतून घेतलेल्या औषधानं तसा वाढताना दिसत नाही. दंडाला किंवा मांडीला लावायची, छातीला नाही. वाळू द्यायची, हात धुवायचे, आणि तासभर लेकरांना त्या जागेला लागू द्यायचं नाही. माझा नातू दिवसभर दंडालाच लटकलेला असतो आणि वावरात घामानं अंग निथळतं, म्हणून मी रात्री अंग धुऊन मांडीला लावायचं ठरवलं आहे. प्रोजेस्टेरॉनच्या कॅप्सूलही रात्रीच घ्यायच्या, त्यानं झोप येते. त्याच कॅप्सूल पोटुशी बायांनाही देतात, तेव्हा मेडिकलवाल्यानं काही विचारलं तर बावरू नका.

जवसाची चटणी खा, सोयाबीन खा, असं मलाही सगळ्यांनी सांगितलं. जवस आमच्या घरी रोज असतो आणि तो चांगलाच आहे. पण वाफा त्यानं थांबतील यावर मी भरवसा ठेवणार नाही, अभ्यासांत तसं ठाम दिसलेलं नाही. माझ्या वाफा झोपायच्या आधीचा कडक चहा सोडल्यावर थोड्या कमी झाल्या, एवढं मात्र खरं.

आणखी एक, जे आमच्यात कोणी उघड बोलत नाही. पाळी मागेपुढे झाली म्हणजे दिवस राहणारच नाहीत असं नसतं, आणि ही जेल काही गर्भनिरोधक नाही. पन्नाशीच्या आत पाळी गेली तर पुढची दोन वर्षं, पन्नाशीनंतर गेली तर एक वर्ष काळजी घ्यावी लागते. माझं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं आहे, पण गटातल्या दोघींचं नाही, त्यांना मी हे बाजूला घेऊन सांगितलं.

रिपोर्ट साफ आला तर कमी डोसवर सुरू करणार आहे, तीन महिन्यांनी पुन्हा दाखवायचं आहे. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, सेवाग्रामला जाणं आता तेवढं जड नाही. पुढच्या वेळी सोबत यायला ती पिशवी काढून टाक म्हणणारी वहिनी तयार झाली आहे. तिलाही गेल्या दिवाळीपासून झोप नाही.