गुलाबी चौकोन

"घर पाडलं, पर माजी खोली हाय अजून," मावशी म्हणाली. वयाचं बोलणं समजून मी नुसती मान डोलावली.

मी सोलापुरात एचआयव्ही प्रतिबंधाच्या कामात समुपदेशक आहे. त्या दिवशी मावशीच्या आधारचे कागद करायचे होते. धंद्यातल्या बायांकडे राहत्या जागेचा पुरावा नसला, तरी एड्स नियंत्रण संस्थेच्या अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर आधार द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयानं १९ मे २०२२ ला सांगितलं. कागदावरून बाईचा धंदा कळता कामा नये, हेही सांगितलं. पुरावा माफ झाला, पण पत्ता लागतोच. आणि आताच्या घरमालकाला काही ठाऊक नाही, म्हणून मावशीला तो द्यायचा नव्हता. "जुना लिव. चल, दावते." नियमात बसणार नव्हतं, तरी गेले.

गल्लीचं नाव लिहीत नाही. तिथं आता संसार आहेत, पोरींच्या सोयरिकी व्हायच्यात. खाली मोबाइलची दुकानं, पलीकडं चादरींचं गोदाम. मधे एक मोकळा प्लॉट, आणि शेजारच्या घराच्या उघड्या पडलेल्या भिंतीवर पाडलेल्या माडीच्या खोल्या जशाच्या तशा उमटलेल्या. जिन्याच्या पायऱ्यांची तिरकी नक्षी आणि वर रंगांचे चौकोन : हिरवा, निळा, गुलाबी. एकेक जेमतेम खाटेएवढा.

"गुलाबी माजी."

गुलाबीत एक कोनाडा होता, त्याच्या तळाला भंडाऱ्याचा पिवळा डाग. तिथं यल्लम्मा बसायची. मावशीच्या गळ्यात सौंदत्तीला मुत्तु, देवीला सोडल्याची मण्यांची माळ, बांधलं तेव्हा ती दहा वर्षांची होती. साल १९६७. मुंबई इलाख्यात देवदासी सोडायला १९३४ पासूनच कायद्यानं बंदी होती, पण तिच्या गावात ते कुणी बोललं नाही.

"पगाराच्या दिशी गिरणीचा भोंगा झाला की आमी आरसा घ्यायचो," ती म्हणाली. लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी एकेक करून बंद पडल्या. भोंगे थांबले, गिऱ्हाईक आटलं. घरवाली, म्हणजे कोठ्याची मालकीण, गावी गेली. मावशी विड्या वळायला लागली.

आम्ही भिंत न्याहाळतोय हे बघून दुकानातला पोरगा घाईघाईनं बाहेरचा फलक आत ओढायला लागला. "अतिक्रमणवाले का ओ?" मावशी खळखळून हसली. "न्हाई रं बाळा, हितं ऱ्हात हुते मी." त्यानं भिंतीकडं पाहिलं, मग तिच्याकडं. पुढं काही विचारलं नाही.

शेवटी सध्याचाच पत्ता लिहिला. "पाकिटावर काय नसतंय नव्हं?" हे तिनं मला तीनदा विचारून घेतलं.

प्रमाणपत्र यायला वेळ लागला. केंद्रावर गेलो तर बोटांचे ठसेच उमटेनात; तेंदूच्या पानांनी आणि कात्रीनं बोटं पार गुळगुळीत झालेली. ऑपरेटर म्हणाला, "पुसून ठेवा, मावशी." तिनं पदराला अंगठा पुसला आणि चौथ्यांदा काचेवर ठेवला.