आमची वाटचाल: रातभराचं नाटक आणि दुसऱ्या दिवशीची सुटी

लग्नांच्या शूटिंगपासून सुरू झालेलं आमचं काम आज झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्याच्या) नाटकांचं रेकॉर्डिंग, धानशेतीचे व्हिडिओ आणि तालुक्यातल्या दुकानांच्या रील यांवर चालतं. "झोपायचं असेल तर दुसरं काम बघ" ही भाषा या धंद्यात इतकी रुळली आहे की नवीन पोरगं तिला शिकण्याचाच भाग समजतं. पुण्या-मुंबईत एडिटर वैतागला तर दुसरा स्टुडिओ गाठतो. वडसा-ब्रह्मपुरीकडे तो दुसरा स्टुडिओ बहुधा पहिल्याच मालकाच्या मित्राचा असतो. त्यामुळे पोरगं नाही म्हणत नाही. त्याच्या तोंडून नकार यायची वाट न पाहता आम्ही कामाच्या मर्यादा कोटेशनमध्येच लिहितो.

नाटक रात्री दहाच्या सुमारास उभं राहतं आणि पहाटे संपतं. सात तास धरले तर 50 एमबीपीएसला (सेकंदाला 50 मेगाबिट) एक कॅमेरा मेमरी कार्डावर तासाला 22.5 जीबी खातो. दोन कॅमेऱ्यांचे 315 जीबी झाले. कार्डावरून हार्डडिस्कवर सेकंदाला 90 एमबीने उतरवलं तरी एका प्रतीला तास जातो, आणि प्रती दोन लागतात. नेमकं हे काम पहाटे सहाला, रातभर जागलेल्याच्या हातात येतं. कॉपी अर्धवट असताना कार्ड ओढलं जातं, नाहीतर भरलेलं कार्ड रिकामं समजून फॉरमॅट होतं. मग आरडाओरडा. त्याने फुटेज तर परत येत नाहीच, उलट पुढची चूक लपवली जाते. ती उघडकीस येईपर्यंत त्याच कार्डावर दुसरं शूटिंग झालेलं असतं आणि रिकव्हरीची आशाही संपते.

आता भरलेलं कार्ड कॅमेऱ्यातून निघालं की आधी लॉकची खिट्टी खाली करायची. वर पांढरी चिकटपट्टी, त्यावर कॅमेरा आणि नंबर: क-1, क-2. कार्ड डबीत उलटं ठेवायचं. जागलेल्याने कॉपी करायची नाही. घरी झोपून सकाळी दहाला येणारा करतो. दोन्ही हार्डडिस्कवर फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळला, पहिली, मधली आणि शेवटची फाइल चालवून पाहिली, की मगच पट्टी निघते. फॉरमॅट फक्त कॅमेऱ्यात, पुढच्या शूटिंगच्या वेळी.

जागलेल्या माणसाला मोटारसायकलवर परत पाठवायचं नाही. हंगाम दिवाळीनंतरचा, पहाटे धुकं आणि रस्त्यावर धानाचे ट्रॅक्टर. त्यामुळे एकतर झोप झालेला ड्रायव्हर असलेली गाडी, नाहीतर नाटकाच्या गावातच दहापर्यंत झोप. दोन्हीचा खर्च कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत. दुसऱ्या दिवशी भरपगारी सुटी.

नाटक करणाऱ्या मंडळाला मात्र व्हिडिओ दुसऱ्याच दिवशी हवा असतो, कारण प्रेक्षकांच्या मोबाइलवरचे तुकडे तोवर फिरू लागतात. सात तासांचं नाटक नुसतं पाहायलाच सात तास लागतात. दोन कॅमेऱ्यांची अदलाबदल, आवाज जुळवणं (वेगळ्या रेकॉर्डरवरचा आवाज लांब रेकॉर्डिंगमध्ये हळूहळू सरकतो) आणि रेंडर (शेवटची फाइल तयार करणं) धरून आठ तासांचे तीन दिवस जातातच. म्हणून दुसऱ्या संध्याकाळी आठ-दहा मिनिटांचा तुकडा आणि पाचव्या दिवशी पूर्ण नाटक, असं आधीच ठरवतो. दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या दरात धरलेल्या. तिसरीचे पैसे वेगळे आणि त्यातले निम्मे एडिटरचे. एडिटरचा नंबर क्लायंटला देत नाही. रात्री अकराला "भाऊ, फक्त एक नाव बदलायचं आहे" असा फोन आला की एका नावापायी पुन्हा पूर्ण रेंडर लावावा लागतो.

2017 च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला 48 तासांची मर्यादा आणि जादा कामाला दुप्पट दर आहे. चार-पाच माणसांच्या कामाला तो पूर्णपणे लागू होत नाही, हे खरं. हिशोब आम्ही त्याच आकड्याने करतो. "शिकायला ये" म्हणून फुकट राबवणं तर बंदच. सात दिवसांची चाचणी, रोजच्या रोज मजुरी.

मे महिन्यात ब्रह्मपुरीचा पारा 45 च्या वर जातो. तेव्हा बाहेरचं शूटिंग सकाळी सहा ते दहा. उन्हात कॅमेरा तापून बंद पडला की सगळे त्याला सावलीत घेऊन धावतात; रिफ्लेक्टर धरणारा पोरगा तिथेच उभा असतो. हे जवळपास प्रत्येक सेटवर दिसतं.

शेतीच्या व्हिडिओत फवारणी दाखवायची तर पंपात साधं पाणीच. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले; क्लोजअपसाठी कुणाला खऱ्या औषधाच्या तुषारात उभं करायचं कारणच नाही. रोवणीच्या (धान लावणीच्या) बाया बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, वाकलेल्या असताना ड्रोन डोक्यावर आणायचा नाही. कुणाची फजिती करून केलेला प्रँक घेत नाही. घोळक्यात हसत दिलेला होकार आम्ही होकार मानत नाही. फुटेज एकट्याला दाखवून विचारलं की बरेचजण "राहू द्या" म्हणतात.

या नियमांची किंमत मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रांच्या, दिवसांत कळते. एकाच रात्री दोन गावांची मागणी येते, कॅमेरे चार असतात आणि झोप झालेली माणसं दोनच. दुसऱ्या गावाला आम्ही बाहेरच्या कॅमेरामनचा नंबर देतो. पुढच्या वर्षी ते गाव बहुतेक वेळा थेट त्यालाच फोन करतं.