४०३२ एररने नऊ दिवस खाल्ले, पण तीन नंबरचा टॅब उठला

मंडळी, उठला! शुक्रवारी रात्री पावणेबाराला तीन नंबरवर लोगो आला आणि मी तो तसाच हातात घेऊन घरभर दाखवत फिरले.

माझ्याकडे चार टॅब आहेत, चारही एकाच मॉडेलचे, मीडियाटेकच्या एमटी ८१२७ चिपचे, १ जीबी रॅम. एक आणि दोनवर नेटवरून उतरवलेलं फर्मवेअर, म्हणजे टॅबची आतली सिस्टीम, बिनधास्त चढलं होतं म्हणून तीनलाही तेच दिलं, तेही फॉरमॅट ऑल प्लस डाउनलोड करून, म्हणजे आतलं सगळं पुसून. हिरवा गोल आला, टिक आली, आणि त्यानंतर काळा स्क्रीन. चार्जिंगचं चिन्हसुद्धा नाही. व्हॉल्यूम अप दाबून केबल लावली की बीरॉममध्ये (चिपमधल्या कायमच्या बूट कोडमध्ये) यायचा, फ्लॅश टूलची, म्हणजे पीसीवरून फर्मवेअर भरायच्या सॉफ्टवेअरची, लाल पट्टी १०० टक्के भरायची आणि मग ४०३२, डीरॅम एनेबल फेल, म्हणजे रॅम चालूच झाली नाही. दर वेळी तिथेच.

पहिले चार दिवस केबल आणि ड्रायव्हरमध्ये गेले. पीसीला टॅब ओळखता यावा म्हणून लागणारा व्हीकॉम ड्रायव्हर काढला, घातला, विंडोजचं सिग्नेचर चेकिंग बंद केलं, पुढचा यूएसबी सोडून मदरबोर्डच्या मागच्या २.० पोर्टला लावून बघितलं, फ्लॅश टूलची तीन व्हर्जन झाली, काही फरक नाही. केबलच्या बाबतीत एक सांगते, पुण्यात पासोड्या विठोबाजवळून आणलेली जाड आखूड केबल घ्या, मोबाइलसोबत मिळणाऱ्या लांब पातळ केबलीवर फ्लॅशिंग करूच नका. मग बॅटरीवर संशय आला, मीटर लावला तर ३.१ व्होल्ट, म्हणजे खरंच मेलेली. टीपी ४०५६ च्या छोट्या चार्जिंग बोर्डावरून थेट चार्ज केली, ३.९ वर आणली. परत ४०३२.

शेवटी बाकीचे टॅबही उघडले, चौघांचे बोर्ड शेजारी शेजारी ठेवले आणि भिंग घेऊन रॅमच्या चिपांवरचे आकडे वाचले. एक आणि दोनवर सॅमसंगची रॅम, तीन आणि चारवर हायनिक्सची! झाकण तेच, स्टिकर तेच, मॉडेल नंबर तोच, आत बोर्ड वेगळा. आता रॅम चालू कशी करायची त्याची सेटिंग्ज प्रीलोडरमध्ये, म्हणजे टॅब चालू होताना सुरुवातीलाच चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये असतात, आणि फ्लॅश टूलसुद्धा तीच, आपण दिलेल्या प्रीलोडरच्या फाइलमधून उचलतं. म्हणजे मी हायनिक्सच्या बोर्डाला सॅमसंगचा प्रीलोडर भरवत होते आणि दोष केबलला देत होते.

चार नंबरला अजून हात लावला नव्हता, रूट मात्र करून ठेवला होता (म्हणजे आतल्या सगळ्या फाइलींपर्यंत पोचता येत होतं), हे केवढं बरं झालं! एडीबीने (पीसीवरून टॅबला कमांड द्यायच्या टूलने) त्यात शिरून, प्रीलोडर असतो ते बूट-० चं पार्टिशन डीडी कमांडने कॉपी केलं, पीसीवर आणलं, फ्लॅश टूलला दिलं तर ते फाइलच घेईना. एचएक्सडी या हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलचे बाइट दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलं तेव्हा दिसलं, फाइलच्या सुरुवातीलाच ईएमएमसी बूट अशी अक्षरं, मग बरीचशी रिकामी जागा, आणि खरा प्रीलोडर खाली २०४८ बाइटनंतर, तीन एम अक्षरांपासून सुरू होतो. वरचे २०४८ बाइट कापले, सेव्ह केलं, डाउनलोड ओन्लीवर ठेवलं, आधी बटण दाबलं आणि मग केबल लावली. लाल पट्टी भरली आणि... पिवळी, म्हणजे खरं फ्लॅशिंग, सुरू झाली! नऊ दिवसांत पहिल्यांदा पिवळी दिसली. श्वास रोखून बघत बसले होते हो.

चालू झाल्यावर वायफायच्या यादीत सगळ्यात वर एनव्हीरॅम वॉर्निंग. एनव्हीरॅम म्हणजे टॅबची स्वतःची माहिती साठवायची जागा; फॉरमॅट ऑलने तिथला मॅक अॅड्रेस, म्हणजे वायफायवरचा त्याचा ओळख क्रमांक, पुसला, आता दर रीबूटला नवीन येतो. नेट चालतं, पण मला हे असं सोडवत नाही. चारचं एनव्हीरॅम तीनवर कॉपी करायचं ठरवलं होतं, पण मग दोघांचा मॅक एकच होणार आणि घरच्या वायफायवर भांडणार, तेव्हा ते रद्द. आणि आत्ता हे लिहितानाच सुचलं, फ्लॅश करायच्या आधी तीन नंबर घरच्या राउटरला जोडलेला होता! राउटरच्या यादीत त्याचा जुना मॅक असू शकतो. सापडला तर एनव्हीरॅमच्या वायफाय नावाच्या फाइलमध्ये पहिले चार बाइट सोडून पुढच्या सहांत तो भरायचा, बस. सो टॅबवर नवीन रॉम (सिस्टीम) टाकायचा विषय सध्या मागे, आधी हे, आणि त्याच्याही आधी एक, दोन आणि चारचं पूर्ण रीडबॅक, म्हणजे आतल्या सगळ्याची पीसीवर कॉपी, प्रत्येकाचं वेगळ्या फोल्डरमध्ये.

तुमच्याकडे एकसारखे दिसणारे टॅब असतील तर झाकण उघडून रॅमचा आकडा आधी वाचा आणि चालू टॅबवर प्रीलोडरची टिक काढूनच फ्लॅश करा. मी चार नंबरच्या पाठीवर चिकटपट्टी लावून मार्करने मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, हायनिक्स, प्रीलोडरला हात लावू नये.