अंगठा जुळला म्हणून

बाजाराच्या दिवशी आमच्या शाखेत अकरानंतर उभं राहायला जागा नसते. बारामती तालुक्यातलं गाव, आसपासच्या वाड्यावस्त्या सगळ्या याच शाखेवर. त्या दिवशी कॅशियरनं एका आजींची स्लिप परत केली. “शिल्लक नाही,” म्हणाला. आजींना नातीच्या नर्सिंग कॉलेजची फी भरायला १५,००० रुपये हवे होते. त्या खिडकीपासून हलेनात. रांगेतल्यांनी आवाज चढवला, तसं शिपायानं त्यांना माझ्या टेबलाशी आणून बसवलं.

प्लॅस्टिकच्या पिशवीतलं पासबुक घेऊन मी छापून आणलं. शेळ्या विकून आणि खुरपणीला जाऊन साठवलेले ३८,६१४ रुपये तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत खात्यात होते. मग लागोपाठ चार दिवस १०,०००, १०,०००, १०,००० आणि ८,०००. शिल्लक ६१४. चारही नोंदींपुढे ‘एईपीएस’, म्हणजे आधार नंबर देऊन आणि अंगठा लावून काढलेले पैसे.

“आजी, बँकमित्राकडं जाऊन अंगठा लावला होता का?”

“न्हाई गं बाई. मी हितंच येती, तुमच्याकडं.”

“घरात कुणी लावून घेतला?”

“घरात कोन हाय? मी अन् नात.”

हाच प्रश्न मी फिरवून फिरवून तीनदा विचारला. अशा तक्रारींत शेवटी पुतण्या नाहीतर जावई निघतो, हे पाहिलेलं असल्यानं विचारला. तरी त्याची मला आजही लाज वाटते. आजींनी उजव्या हाताचा अंगठा टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, “ह्यो बघ. माझ्यापाशीच हाय.”

सिस्टीममध्ये पाहिलं. चारही व्यवहार दुसऱ्या बँकेच्या मशीनवर, दुसऱ्या राज्यात झालेले. हेड ऑफिसला फोन लावला. पलीकडच्या साहेबांचं उत्तर तयार होतं : “मॅडम, बायोमेट्रिक जुळलंय. म्हणजे खातेदारानंच काढलेत. क्लेम बसत नाही.”

त्या एका वाक्यानं माझं डोकं भणाणलं. या पद्धतीत पिन लागत नाही, ओटीपी येत नाही. आधार नंबर, बँकेचं नाव आणि बोट, एवढ्यावर पैसे निघतात. जी माणसं सही करू शकत नाहीत, ज्यांच्याकडे कार्ड नाही, त्यांना गावातच पैसे मिळावेत म्हणून ही सोय झाली, आणि ती चांगली सोय आहे. पण बाहेर काय चाललंय ते आम्हा बँकवाल्यांना माहीत आहे. नोंदणी झालेल्या दस्तांच्या प्रतींवरून ठसे उचलायचे, त्यांचे सिलिकॉनचे अंगठे बनवायचे आणि लोकांची खाती रिकामी करायची, अशा टोळ्या वेगवेगळ्या राज्यांत पोलिसांनी पकडल्या आहेत. पिन चोरीला गेला तर बदलता येतो. अंगठा कुठून बदलून आणायचा?

“आजी, वर्षभरात कुठं कागदावर अंगठा दिलाय?”

“भावास्नी हक्कसोड दिली की. म्हायेरची जमीन.”

सोबत आधारची झेरॉक्स जोडली होती. ठसा तिथूनच गेला असं मी म्हणत नाही. तो कुठून गेला हे शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही. पण बापाच्या जमिनीवरचा हक्क ज्या अंगठ्यानं सोडला, त्याच अंगठ्याच्या नकलेनं शेळ्यांचे पैसे गेले असतील, या विचारानं मला गलबलून आलं.

आणखी काही कागद आहेत का म्हणून पिशवी उपडी केली. औषधाची चिठ्ठी, लाइट बिल आणि घडी पडलेली रेशनची पावती. पावतीवरची तारीख वाचून मी पुन्हा पासबुक ओढलं. दुसरे १०,००० गेले तीच तारीख. रेशन दुकानातल्या मशीनवर आजींनी अंगठा दिला तो सकाळी ११.१८ ला, आणि पैसे निघाले ११.५२ ला, शेकडो किलोमीटर दूर. चौतीस मिनिटांत आजी तिथं कशा पोचणार?

मी पुन्हा फोन लावला. या वेळी समोर रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक उघडून बसले होते. चूक खातेदाराचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुणी पैसे काढले, तर बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवणाऱ्या खातेदारावर एका रुपयाचाही बोजा नाही. साहेब म्हणाले, तीन दिवस कधीच उलटले. मी विचारलं, सूचना कुणाला मिळाली? मेसेज गेले ते आजींच्या वारलेल्या मालकांच्या नंबरवर, तो कधीचाच बंद आहे. त्यांना पहिली सूचना मिळाली ती आज, मी पासबुक छापलं तेव्हा. आणि खातेदाराची चूक आहे हे सिद्ध करायची जबाबदारी त्याच परिपत्रकात बँकेवर टाकलेली आहे. आजींनी काहीच सिद्ध करायचं नाही, आपण करायचं.

आमच्या तालुक्यातल्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. सुपं हे गाव इथंच आहे. १२ मे १८७५ ला तिथल्या शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली, ती कर्जखतांसाठी. कागदात काय लिहिलंय ते कळत नसताना सहीच्या जागी केलेल्या निशाण्यांनीही जमिनी गेल्या होत्या. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. नुसता कागद पाहून निकाल न देता मुळात व्यवहार कसा झाला ते कोर्टानं तपासावं, असं त्यात आलं. इंग्रजांच्या कोर्टाला जे करावं लागलं, तेवढंच मी आमच्या हेड ऑफिसकडे मागत होते.

दुपारभर तेच काम चाललं. माझ्या मोबाइलवरून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तक्रार नोंदवली. पोलिसांसाठी अर्ज लिहिला. दुसऱ्याची ओळख वापरून फसवण्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६सी कलम लागतं, तेही घातलं. रेशनच्या पावतीचे फोटो मेलला जोडले, कारण त्या पावत्यांची शाई लवकर उडते. नातीच्या कॉलेजला फोन करून महिनाभराची मुदत मागून घेतली. आजी पायरीवर बसून भाकरी खाऊन आल्या आणि पाच वाजेपर्यंत समोर बसून राहिल्या.

नियमानं दहा कामाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा व्हायला हवी. आमच्याकडे चौदा लागले, तेही रोज पाठपुरावा करून. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. तो अर्जही मी लिहून आजींच्या पिशवीत ठेवला होता. वापरावा लागला नाही. महिना भरायच्या आत ३८,००० रुपये कायमचे परत आले.

मी आजींना म्हटलं, आधारचं बायोमेट्रिक लॉक करून टाकू. त्यांनी लगेच विचारलं, “मग रेशन कशावर देईल त्यो?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. चोर बाहेर ठेवायला कुलूप लावावं, तर धान्यही बाहेरच राहतं. शेवटी त्यांच्या खात्यावरून आधारनं पैसे निघणंच बंद केलं आणि मेसेजसाठी नातीचा नंबर लावला.

आता आजी महिन्यातून एकदा येतात. माझ्यासमोर शाई लावून स्लिपवर अंगठा उठवतात, पदराला बोट पुसतात. पैसे हातात पडून पाच मिनिटं होत नाहीत तोच हॉस्टेलवरून माझ्या टेबलावरचा फोन वाजतो. “मॅडम, दोन हजार गेल्याचा मेसेज आलाय. समोर आजीच आहे ना?”

“आजीच आहे,” मी म्हणते आणि फोन त्यांच्या कानाला लावते.